प्रियदर्शिनीबाईंची बाग

नागावकरांच्या घरात कोणाचा वाढदिवस विसरला तरी चालायचा, पण कार्तिकातलं आवळीभोजन विसरलेलं चालत नसे. आवळ्याच्या झाडाखाली बसून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, सोहळा एवढाच. पण खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीतलं ते झाड खुद्द श्यामसुंदर नागावकरांनी लावलेलं, त्यामुळे पहिला घास तोंडात जायच्या आत झाडाचं चरित्र ऐकावं लागे. वैशालीने सून म्हणून ते सोळा वेळा ऐकलं होतं. वाळवी कोणत्या साली लागली आणि कोणत्या चेअरमनने झाड तोडायचा ठराव आणला, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"वाळवी आली का?" पुऱ्यांचा डबा उघडता उघडता तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"कुठली? अजून रोपच आहे," निखिल म्हणाला. "भूक लागली यार."

चौऱ्याहत्तर वर्षांचे श्यामसुंदर झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी जुन्या पद्धतीच्या बागा आखल्या. देवळांच्या फुलबागा, शाळांची नक्षत्रवनं, घरामागच्या परसबागा. वर्तमानपत्रात सदर लिहिलं, आणि सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी रेडिओवर 'वाफा आणि आळं' हा कार्यक्रम केला. त्यामुळे त्यांना घरातही मायक्रोफोनसमोर बसल्यासारखं बोलायची सवय लागली होती. मीठ मागतानाही ते आधी श्रोत्यांना नमस्कार करतील की काय, असं वाटायचं.

इतक्यात गेटमधून टेम्पो आला आणि सुभाष उतरला. श्यामसुंदरांचा धाकटा भाऊ, अडुसष्ट वर्षांचा, सानपाड्याला एकटाच राहणारा. धंदा लॉनचा. नवी मुंबईत टॉवर उभा राहिला की त्याच्यासमोर गुंडाळ्या उलगडून दोन दिवसांत हिरवळ पसरून द्यायची, कडेने परदेशी पाम उभे करायचे आणि बिल लावायचं. आज त्याच्या खांद्यावर प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा होता.

"दादा, बसायला आणलंय. तुझ्या आवडीचं."

"मी मातीवर बसेन," श्यामसुंदर म्हणाले. "हिरवळसम्राटांनी सिंहासन आपल्याकडेच ठेवावं."

"माती ओली आहे. धोतराला डाग पडेल."

"पडू दे. निदान खरा डाग असेल."

दोघं हसले. बाकीचेही हसले. गेली बावीस-तेवीस वर्षं हे असंच चाललं होतं. २००२ साली सानपाड्याच्या एका देवस्थानाची श्यामसुंदरांनी आखलेली फुलबाग विश्वस्तांनी उखडली आणि तिथे लॉन टाकायचं काम सुभाषला दिलं. सुभाषने ते घेतलं. भांडण म्हणाल तर झालं नाही. सणवार, लग्नं, आजारपणं, सगळीकडे दोघं शेजारी शेजारी. फक्त तेव्हापासून सुभाषने काहीही विचारलं की त्याला उत्तराऐवजी टोमणा मिळे, आणि टोमणा इतका खुसखुशीत असे की रागावायचीही सोय नसे.

पानं वाढून झाली. वालाचं बिरडं, मसालेभात, आवळ्याचं लोणचं, गव्हाची खीर. श्यामसुंदरांच्या पत्नी विमलबाई शेवटच्या पानावर लिंबाची फोड ठेवून बसल्या आणि श्यामसुंदरांनी घसा साफ केला.

"वाळवी," निखिल पुटपुटला.

पण वाळवी आली नाही. श्यामसुंदर म्हणाले, "उद्या माझा शेवटचा कार्यक्रम. आवाजाला कंप सुटलाय, तेव्हा आपणहून थांबलेलं बरं. आता ऐका. उद्याचं रेकॉर्डिंग स्टुडिओत नाही. रबाळ्याला, प्रियदर्शिनीबाईंच्या बागेत. रेडिओच्या ईश्वरीने गाडी सांगितली आहे. सकाळी साडेआठ."

वैशालीने आनंदाने टाळीच वाजवली. सौ. प्रियदर्शिनी हौसेराव पाटील, रबाळे. बावीस वर्षं त्या बाई रेडिओला पत्रं पाठवत होत्या. बाबांचं पुस्तक यायचं होतं म्हणून वैशालीने ती सगळी एकशे चाळीस पत्रं आणि बाबांची उत्तरं टाइप केली होती. त्यात तिचा त्या बाईवर जीवच जडला होता. सभोवती कारखाने, मध्ये बाईचं एवढंसं परस. अर्धं परस उपटून तिथे लॉन टाकू म्हणून मागे लागलेला नवरा, हौसेराव. प्रत्येक पत्रात हौसेरावांचं काहीतरी नवं खूळ, आणि प्रत्येक उत्तरात बाबांनी त्यांची घेतलेली हजेरी.

"मी येणार!" ती म्हणाली. "मला हौसेराव बघायचाय. पण बाबा, त्यांना कळवलंय ना?"

"पंधरा दिवसांपूर्वी पत्र टाकलं. उत्तर नाही. संकोच वाटत असेल. नाहीतर हौसेरावांनी पत्र दडवलं असेल, त्या माणसाचा भरवसा नाही." श्यामसुंदरांनी पिशवीतून एक गुंडाळी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या अकरा मोठ्या बागा. सात ठिकाणी पार्किंग झालं, दोन ठिकाणी जिम. एकीचं काय झालं ते सुभाषला विचारा. उरलं हे आवळ्याचं झाड. पण मी मनापासून आखलेली बाग ती रबाळ्याची. एकदाही न बघता, नुसत्या पत्रांवरून. ती एकदा डोळ्यांनी बघितली की मी रेडिओ बंद करायला मोकळा."

सुभाषचा हात खिरीच्या वाटीजवळ थांबला तो थांबलाच. वैशालीला वाटलं, काकांना मसालेभात तिखट लागला.

*

तिखट काही लागलं नव्हतं. श्यामसुंदरांचं ते पंधरा दिवसांपूर्वीचं पत्र सुभाषच्या शर्टाच्या खिशात होतं. ते येऊन पडलं होतं त्याच्या रबाळ्याच्या गोदामात, जिथे दादा कधी फिरकला नव्हता, खताच्या गोण्यांशेजारी. कारण सौ. प्रियदर्शिनी हौसेराव पाटील तिथेच राहत होत्या, म्हणजे राहत नव्हत्या. त्या होत्या सुभाष.

पहिलं पत्र निव्वळ खोडी काढायला लिहिलं होतं. देवस्थानाच्या प्रकरणानंतर दादाने रेडिओवर 'हिरव्या सतरंज्या' म्हणून एक अख्खा भाग केला. सुभाषने चिडून एका बाईच्या नावाने असा आडवातिडवा प्रश्न पाठवला की दादाची चारचौघांत फजिती व्हावी. अक्षर ओळखू नये म्हणून लिहून घेतलं गोदामात हिशेब बघणाऱ्या, दिवाळे गावच्या जागृतीकडून. तिला गंमतच वाटली. हौसेराव हे नाव तिनेच सुचवलं.

पुढच्या रविवारी सुभाष टेम्पोत बसून रेडिओ ऐकत होता. दादाची फजिती झाली नाही. न्हाणीचं पाणी अळूला कसं न्यावं, हे दादाने त्या बाईला अकरा मिनिटं समजावलं. एक टोमणा नाही. एकदाही आवाज चढला नाही. आणि शेवटी म्हणाला, "ताई, चांगला प्रश्न विचारलात. असंच विचारत राहा." सोबत पोस्टाने बियांची पुडीही आली.

सुभाषला दादाने जन्मात 'विचारत राहा' म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने जागृतीला पुन्हा कागद घ्यायला सांगितलं.

आता उद्या कार्यक्रम बंद होणार. पत्रं बंद. आणि ते व्हायच्या आत दादा रबाळ्याच्या त्या पत्त्यावर मायक्रोफोन घेऊन उभा राहणार.  सुभाष हात धुवायच्या निमित्ताने उठला आणि पाण्याच्या टाकीमागे गेला. मागोमाग विमलबाई तांब्या घेऊन आल्या.

"हात पुढे करा भावजी," त्या म्हणाल्या, आणि पाणी घालता घालता सहज विचारलं, "काय करणार आहात उद्या? लुगडं नेसणार?"

सुभाषच्या हातावरचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"वहिनी, तुम्हाला..."

"सतरा-अठरा वर्षं झाली. दिवाळीला तुमच्या शर्टाचं बटण तुटलं होतं. लावायला घेतला, तर खिशात बकुळीच्या बियांची पुडी. कॅलेंडरच्या कागदाची, माझ्या हातची घडी. पुडी माझी, पत्ता रबाळ्याचा, खिसा तुमचा. मला काय दहावी नापास समजता?"

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? रविवारी सकाळी हे रेडिओवरून तुमच्याशी गोड बोलायचे आणि दुपारी तुम्ही जेवायला आलात की टोमणे मारायचे. मी म्हटलं, निदान सकाळ तरी बरी जातेय." विमलबाईंनी तांब्या पालथा केला. "पण आता सांगा त्यांना. माझा नवरा उद्या खताच्या गोण्यांसमोर उभा राहून 'श्रोतेहो' म्हणतोय, हे मी बघू शकत नाही."

टाकीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. वैशाली तिथे उभी होती, हातात उष्टी पानं, आणि चेहरा असा की जवळचं कोणीतरी अचानक गेल्याचं कळावं.

"म्हणजे प्रियदर्शिनीबाई नाहीतच?" ती म्हणाली. "काका, मी त्यांच्यासाठी साडी घेतलीय हो."

*

पुढची दहा मिनिटं टेम्पोच्या आडोशाला जी बैठक झाली, तिच्यात वैशालीने तीन वेळा पक्ष बदलला. आधी ती काकांवर रागावली. मग एकशे चाळीस पत्रांतलं हौसेरावांचं सगळं आठवून तिला हसू आवरेना. आणि मग बाबा गुंडाळी मांडीवर घेऊन एकटेच बसलेले दिसले, तेव्हा तिला रडू यायला लागलं.

निखिलला बोलावून सांगितलं. तो एका नामांकित कंपनीत इव्हेंट मॅनेजर होता, त्यामुळे त्याला जगात कशाचंच टेन्शन नव्हतं.

"सिंपल आहे. काका, लग्नाच्या हॉलला तुम्ही कुंड्या भाड्याने देता ना? दोनशे कुंड्या. आज संध्याकाळी गोदामाच्या मागे लावून टाकू. जागृतीमावशीला नऊवारी नेसवू. पोपटी रंगाचं कापड कुंपणाला. एका तासाचं तर रेकॉर्डिंग. रेडिओ आहे, कोणाला दिसणार आहे?"

"तुझ्या बाबांना दिसणार आहे," वैशाली म्हणाली.

"त्यांचा चष्मा..."

"चष्मा लपवायचा नाही हं निखिल!" विमलबाईंचा आवाज एकदम कडक झाला. "खोटी बाई आजवर चालली, कारण ती प्रश्न खरे विचारत होती. खोटी बाग मी चालू देणार नाही. आणि कुंडीतली बाग? ते हुंगून ओळखतील."

"मग आपण असं करू," वैशालीने दुसरा मार्ग काढला, "मी सांगते की त्यांचा निरोप आला. गावाला गेल्यात म्हणून. बाबा हिरमुसतील, पण..."

"एवढ्या वर्षांत ज्या बाईने कधी फोन केला नाही, तिचा निरोप आजच कसा आला?" निखिल म्हणाला.

"मग तू सुचव काहीतरी, कुंड्या सोडून!"

सुभाष टेम्पोच्या फळीवर बसून ऐकत होता. आयुष्यभर त्याने बिल्डरांना गोड बोलून पटवलं, कमिट्या गुंडाळल्या, पावसाळ्यात वाळलेली हिरवळ 'आराम करतेय' म्हणून खपवली. आणि आज त्याला स्वतःच्या भावासमोर जायला पाय उचलत नव्हता. त्याला दादाच्या रागाची भीती नव्हती. राग त्याने पुष्कळ पचवला होता. भीती ही होती की दादा रागावणार नाही, एक खुसखुशीत टोमणा मारेल, आणि आता यापुढे फक्त तेवढंच उरेल.

"तुम्ही लोक भांडू नका," तो शेवटी म्हणाला. "मी बोलतो."

*

श्यामसुंदरांना ती कुजबुज कधीचीच दिसत होती. त्यांना वाटलं, निवृत्तीची काहीतरी पार्टी ठरतेय. केक वगैरे आणला तर खायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांनी गुंडाळी उलगडली. रबाळ्याच्या बागेचा नकाशा. पत्रं येत गेली तसतसा भरत गेलेला. मागच्या दारात न्हाणी, तिचं पाणी पाटाने अळूला आणि पुढे केळीला. पश्चिमेला शेवगा. विहिरीकाठी बकुळ, पेरली २००६, पहिलं फूल २०१५. प्रत्येक झाडाखाली बारीक अक्षरात साल. लोकांनी त्यांच्याकडून बागा करून घेतल्या होत्या, पण त्यांचं ऐकत राहिलेली बाई एकच. चारचौघांत ते बढाई मारत असले तरी एकटे असताना त्यांना बरेचदा वाटे, की आपण सव्वीस वर्षं हवेत बोललो. मग ते हा कागद काढत.

समोर सुभाष येऊन बसला. प्लास्टिकच्या गवतावर नाही, मातीवर. मागे बाकीचे उभे.

"या, सम्राट. धोतर नाही म्हणून पँट खराब करताय?"

"दादा, उद्या रबाळ्याला जाऊ नकोस."

"का? गोदामाच्या रस्त्याला खड्डे पडलेत? की हौसेराव तुझा मित्र निघाला?"

"दादा, प्रियदर्शिनी पाटील मी आहे."

श्यामसुंदर हसले. मग त्यांनी विमलबाईंकडे पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

"काय बोलतोयस?"

"पत्रं मी लिहिली. अक्षर जागृतीचं."

"शक्य नाही," श्यामसुंदर परीक्षकासारखे म्हणाले. "बाईंनी कढीपत्त्यावर कीड पडली म्हणून लिहिलं होतं. मी काय सांगितलं?"

"गोमूत्र आणि कडुनिंबाचा पाला. नाही गेली. मग तू म्हणालास, हाताने वेच. पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या. त्या फुलपाखराच्या निघाल्या. तू म्हणालास, दोन फांद्या त्यांना सोडून द्या."

"बकुळीला नऊ वर्षं लागली तेव्हा बाईंनी काय लिहिलं?"

"'भाऊसाहेब, आज सतरा फुलं. हौसेराव म्हणाले, एवढ्यासाठी नऊ वर्षं? मी म्हटलं, तुम्हाला कळायचं नाही.'" सुभाषने मान खाली घातली. "हौसेरावपण मीच, दादा. तुला सरळ विचारलं असतं तर तू मला धुतलं असतंस. म्हणून त्याला मध्ये घातला. तू त्याला धुवायचास आणि मला शिकवायचास."

मागे निखिलला हसू फुटलं. वैशालीने त्याला चिमटा काढला. श्यामसुंदर मात्र हसले नाहीत. त्यांनी नकाशावर तळहात ठेवला होता.

"मग ही बाग?"

"रबाळ्याला गोदाम आहे. बाग नाही."

 श्यामसुंदरांनी नकाशा सावकाश गुंडाळला. दोरी बांधायला हातात घेतली. मग ती तशीच टाकून ते उठले. खिरीची वाटी तशीच राहिली. भरल्या पानावरून उठताना बाबांना वैशालीने कधी पाहिलं नव्हतं.

"विमल, ईश्वरीला फोन कर. गाडी नको म्हणावं."

"दादा, थांब. बाग नाही म्हटलं मी. झाडं नाहीत असं म्हटलं नाही."

श्यामसुंदर पाठमोरेच उभे राहिले.

"तू पुड्या पाठवायचास. मी काय करणार त्यांचं? तुझ्या हातच्या बिया गटारात टाकू? ज्या टॉवरचं काम चालू असेल, तिथे मागे कुठेतरी पेरायचो. पंपरूमच्या मागे, मीटरच्या खोलीशेजारी, बिल्डरची नजर जाणार नाही तिथे. पुढे लॉन, मागे तू. बकुळ सानपाड्याला आहे. शेवगा कोपरखैरण्याला. पारिजातक सीवूड्सला एका टॉवरच्या गटाराकाठी, तो रोज वॉचमनची बायको वेचते. रिठा नेरूळला, अबोली खारघरला, तिथल्या केळी दोनदा कापल्या, पुन्हा आल्या. मी पत्रात झाडांबद्दल खोटं काही लिहिलं नाही. सतरा फुलं म्हणजे सतराच होती, मी मोजली होती. फक्त सगळं एका परसात आहे असं लिहिलं. तुला एक बाग लागायची ना डोळ्यांसमोर, म्हणून."

 

"का?" श्यामसुंदरांनी वळून विचारलं. त्या एका शब्दात टोमणा नव्हता, आणि सुभाषला तो ऐकून बोलायची हिंमत आली.

"मला तू लागायचास, दादा. पत्रात तू मला ताई म्हणायचास, पण नीट बोलायचास. घरी मी काही विचारलं की तू सगळ्यांना हसवायचास. उद्या कार्यक्रम बंद. मग मी कोणाला विचारू?"

विमलबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, "अहो, तिथे उभे काय राहिलात? देवस्थानाची फुलबाग गेली तेव्हा आठ दिवस जेवला नव्हतात. ही आहे ती तरी बघून या. दोघंच जा. आमची गर्दी नको."

*

सानपाड्याला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेत एकदा श्यामसुंदर म्हणाले, "पाट नसेल तिथे." सुभाष म्हणाला, "नाही. ओव्हरफ्लोचा पाइप आहे." श्यामसुंदरांनी हूं केलं.

टॉवर अठ्ठावीस मजल्यांचा. समोर सुभाषची हिरवळ, कडेला त्याचे पाम. श्यामसुंदर त्यांच्यासमोरून मान सरळ ठेवून गेले. पंपरूमच्या मागे पत्र्याचे तुकडे, रंगाचे रिकामे डबे, आणि त्यांच्या डोक्यावर बकुळ. गर्द, गोल, दोन मजल्यांएवढी. कार्तिकात फूल फारसं नव्हतं, पण नारिंगी फळं लागली होती आणि एक बुलबुल ती खात होता.

श्यामसुंदर तिच्याभोवती एक फेरी मारून आले. बुंध्याला हात लावला. मग भिंत आणि बुंधा यांत किती वीत अंतर आहे ते मोजलं.

"भिंतीला फार जवळ लावलीस."

"हो. तेव्हा भिंत नव्हती. नंतर आली."

"आळं कुठाय?"

"करतो आणि हे लोक बुजवतात. दर पावसाळ्यात पुन्हा करतो."

श्यामसुंदर रंगाच्या एका पालथ्या डब्यावर बसले. शेजारच्या डब्यावर सुभाष. श्यामसुंदर वरती पानांकडे बघत होते. त्यांना हसू येत होतं की रडू, हे त्यांचं त्यांनाच कळेना. आपल्या सगळ्या बागा गेल्या, असं म्हणत ते चारचौघांत मिरवत आले होते. आणि त्यांची ही बाग त्यांच्याच भावाने, त्यांनी सगळ्यांत जास्त हिणवलेल्या माणसाने, शहरभर लपवून वाढवली होती. त्यांना लाज वाटली, आणि ती वाटली हे बरंच झालं असंही वाटलं.

"ईश्वरीला सांगतो गाडी इथे आण म्हणून," ते म्हणाले. "उद्या इथून बोलू. तूही बोलायचंस."

"मी? माझा आवाज ऐकून लोक म्हणतील, बाईंना सर्दी झालीय."

"बाईंची बाजू मी मांडेन. तू हौसेराव म्हणून बोल. बावीस वर्षांत बिचाऱ्याला एकदाही बोलू दिलेलं नाही मी."

सुभाष मोठ्याने हसला. बुलबुल उडाला. मग तो हसायचा थांबला आणि पँटवरची माती झटकत राहिला. एक प्रश्न त्याने पुढच्या पत्रासाठी ठेवला होता. जागृतीने अर्धा लिहूनही घेतला होता. आता तो तोंडाने विचारायचा म्हणजे शाळेत फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"दादा," तो म्हणाला. "कोपरखैरण्याच्या शेवग्याला फूल येतं भरपूर. पण गळून जातं. शेंगच धरत नाही. तीन वर्षं झाली. काय करू?"

श्यामसुंदरांच्या ओठांवर लगेच एक वाक्य आलं. लॉनवाल्याच्या हातचा शेवगा, म्हणून तोही नुसता शोभेचा झालाय, असं काहीतरी. वाक्य चांगलं होतं. रेडिओवर हशा पिकला असता. त्यांनी ते गिळलं, डबा थोडा भावाकडे सरकवला आणि विचारलं, "पाणी किती घालतोस?"